पुन्हा आणि वारंवार

कारखान्यात त्यांना सगळे पुन्हामास्तर म्हणत. तोंडावर नुसतं मास्तर, पाठीमागे पुन्हामास्तर. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा रागही येत नव्हता. काम शिकायला येणाऱ्याशी ते दुसरं काही बोलतच नसत. माणूस घाम पुसत बाजूला व्हायचा, मास्तर वाकून काम बघायचे आणि म्हणायचे, "पुन्हा."

काम होतं लोखंड खरवडण्याचं. लेथ नावाच्या मशीनचं हत्यार ज्या लांब लोखंडी पाठीवर सरकतं, तिला बेड म्हणतात. हा बेड मशीनवर कापून आला तरी सपाट नसतो. डोळ्याला सपाट दिसतो, हाताला गुळगुळीत लागतो, पण सपाट नसतो. ते काम हातानेच करावं लागतं. एक तंतोतंत सरळ पट्टी घ्यायची, तिला निळा रंग अगदी पातळ चोळायचा, ती बेडवर ठेवून जराशी सरकवायची आणि उचलायची. जिथे उंचवटा असेल तिथे निळा ठिपका उठतो. तेवढाच ठिपका स्क्रेपरने, म्हणजे लांब दांड्याच्या धारदार पात्याने, खरवडून काढायचा. बेड पुसायचा. पुन्हा निळा, पुन्हा ठिपके, आता दुसऱ्या जागी. पुन्हा खरवड. असं करता करता ठिपके बारीक होतात, दाट होतात आणि शेवटी बेडभर सारखे पसरतात. तोवर थांबायचं नाही. स्क्रेपरचा दांडा कमरेच्या हाडाशी टेकवून अख्ख्या अंगाने रेटावा लागतो. नुसत्या मनगटावर काम करणारा दुपारनंतर लोखंड खाजवतो, खरवडत नाही. मास्तरांच्या उजव्या कमरेवर घट्टा पडला होता आणि बोटांची टोकं कायमची निळी झाली होती.

अशा कामात पुन्हा म्हणणं म्हणजे रागावणं नव्हे. ते कामाचंच नाव आहे. हे ज्याला कळलं तो टिकला. ज्याला तो अपमान वाटला तो दुसऱ्या हॉलमध्ये गेला आणि तिथे सुखात राहिला.

सगळं झालं की शेवटी चंद्रकोरी. सपाट झालेल्या बेडवर स्क्रेपरच्या हलक्या झटक्याने अर्ध्या चंद्रासारख्या खुणा ओळीने उठवायच्या. त्यात तेल धरून राहतं. पण त्या दिसायलाही देखण्या असतात, आणि प्रत्येक कारागिराची कोर वेगळी असते. कुणाची जाड, कुणाची शेपूट ओढलेली, कुणाची माशाच्या खवल्यासारखी. मास्तरांची कोर बारीक होती, दोन्ही टोकांना सारखी आणि किंचित डावीकडे कललेली. त्यांच्या गुरूंनी ती त्यांना दिली नव्हती. पुष्कळ वर्षांच्या कामातून ती त्यांच्या हाताला आपोआप आली होती.

ही कोर त्यांनी एकाच माणसाला दिली. आपल्या मेहुण्याला.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आईबाप लवकर गेले, म्हणून तो बहिणीच्याच घरी वाढला. त्याला कारखान्यात मास्तरांनी लावलं, आपल्याच टेबलावर घेतलं. सुरुवातीला त्याच्या कमरेला फोड आले, तेव्हा बहिणीने जुन्या रजईचा तुकडा कापून त्याच्या पट्ट्याला आतून शिवून दिला होता. मास्तर त्यालाही दुसरं काही म्हणाले नाहीत. पुन्हा. अजून पुन्हा. बाकीचे हसायचे. क्रेनवाला वरून ओरडायचा, "अरे, तुझ्या बहिणीला सांग, नवऱ्याला दुसरा एखादा शब्द शिकवायला!"

मेहुणा हसायचा. तो चिवट होता आणि हात चांगला होता. मग एक दिवस मास्तर त्याच्या कामावर वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले आणि काहीच न बोलता त्यांनी आपला स्क्रेपर त्याच्या हातात दिला. त्याचं मनगट धरून पहिली कोर उमटवली. मग दुसरी. संध्याकाळपर्यंत मेहुण्याच्या कोरी डावीकडे कलायला लागल्या होत्या. त्या दिवशी घरी जाताना मास्तरांनी शीळ घातली, हे त्यांच्या बायकोने बरेच दिवस शेजारणीला सांगितलं.

तेव्हापासून मोठा बेड आला की दोघे दोन टोकांना उभे राहत. मास्तर ह्या टोकाला, मेहुणा त्या टोकाला, आणि मध्ये दोघांच्या कोरी एकमेकींना येऊन मिळत. जोड कुठे आहे ते कुणालाही सांगता येत नसे. मास्तरांना ह्याचा अभिमान वाटायचा. बोलून दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

मग हॉलमध्ये नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत होता. त्यांना जास्त बेड हवे होते, आणि मास्तरांच्या टेबलावरून बेड सावकाश उतरत. साहेब यायचे, घड्याळ बघायचे, "अजून झाला नाही?" म्हणायचे. मास्तर म्हणायचे, "अजून नाही." संभाषण तिथेच संपायचं.

आणि एक मशीन गिऱ्हाइकाकडून परत आलं.

मोठा बेड होता, दोघांनी मिळून केलेला. लांबचं टोक खाली बसलेलं होतं. मास्तरांनी स्वतः पट्टीला निळा लावला, पट्टी फिरवली, उचलली. लांबच्या टोकाला ठिपके नव्हतेच. दोनतीन मोठे डाग होते, भिंतीवर ओल उतरावी तसे. मास्तरांच्या लगेच लक्षात आलं. शेवटचा निळा फिरवलाच नव्हता. काम अर्धवट सोडून वर चंद्रकोरी काढल्या होत्या. कोरी एकदा उमटल्या की खालचं काही दिसत नाही, आणि वरून बेड देखणा दिसतो. असली लबाडी कोरी काढता येणाऱ्यालाच जमते.

त्या टोकाला मेहुणा होता.

मास्तरांनी वर बघितलं. मेहुणा चिंधीने हात पुसत होता. हात स्वच्छ होते.

कारखान्यात नियम साधा होता. पहिल्या चुकीला समज द्यायची, आणि चूक पुन्हा झाली तर माणसाला टेबलावरून हलवायचं. मेहुण्याला आधी एकदा समज मिळालेली होती, एक पट्टी पाडून फोडल्याबद्दल. ही चूक त्याच्या नावावर गेली असती तर त्याचं टेबल सुटलं असतं. मास्तरांच्या नावावर काहीच नव्हतं. कधीच काही नव्हतं. हिशेब करायला त्यांना फार वेळ लागला नाही.

दोघांना केबिनमध्ये बोलावून साहेबांनी विचारलं, "मास्तर, हा बेड तुमच्या टेबलावरचा?"

"हो."

"मग हे कसं झालं?"

"टेबल माझं आहे. चूक माझी," मास्तर म्हणाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. समज मिळाली असती, मान खाली घालून मास्तर बाहेर आले असते आणि मेहुण्याला कोपऱ्यात घेऊन एकच शब्द बोलले असते. तो कुठला, हे सांगायला नको.

पण साहेब मेहुण्याकडे वळले. "तुम्ही इतकी वर्षं ह्यांच्या शेजारी उभे आहात. असं आधीही झालंय का?"

मेहुणा साहेबांच्या टेबलावरच्या पेन ठेवायच्या डब्याकडे बघत होता. तो म्हणाला, "हो साहेब. त्यांच्याकडून वारंवार होतं. नजर कमी झालीय. मी सांभाळून घेतो."

मास्तर गप्प राहिले. पुढे युनियनच्या सेक्रेटरीने त्यांना ह्याबद्दल पुष्कळ झापलं. "तोंडाला कुलूप होतं का तुमच्या? तिथल्या तिथे त्याचं थोबाड का नाही फोडलंत?" खरं सांगायचं तर मास्तरांना राग अजून आलाच नव्हता. ते त्या शब्दापाशी अडकले होते.

वारंवार. हा शब्द त्यांच्या घरात कुणी वापरत नव्हतं. हॉलमध्ये कुणी वापरत नव्हतं. मेहुणा पुन्हापुन्हा म्हणायचा, सारखं सारखं म्हणायचा, रागावला की छप्पन्न वेळा म्हणायचा. वारंवार हा शब्द वरून खाली येतो. फाटकावरच्या पाटीवर असतो, वारंवार सूचना देऊनही. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, वारंवार चक्कर येते का? आपल्यातला माणूस तो सहज बोलत नाही. त्याला तो कुणीतरी द्यावा लागतो.

म्हणजे मेहुणा ह्या केबिनमध्ये आज पहिल्यांदा आला नव्हता.

घरी जाताना मास्तर सायकल हातात धरून चालत राहिले. त्या शब्दाची आणखी एक खोड त्यांच्या ध्यानात आली. तो वापरला की आकडा द्यावा लागत नाही. कुणी म्हणालं, तीनदा झालं, तर विचारता येतं, कुठल्या तीनदा? कुठला बेड? वारंवार म्हटलं की विचारायला जागाच उरत नाही. एकदाही न घडलेली गोष्टसुद्धा त्यात आरामात बसते. काम न करता काम झाल्यासारखं दाखवणारा शब्द. खाली खड्डा आणि वर चंद्रकोरी.

मास्तरांना टेबलावरून काढून पॅकिंगला पाठवायचं ठरलं होतं. सेक्रेटरीने धावपळ करून सोमवारी साहेबांसमोर फेरबैठक ठरवली. त्याने मास्तरांना समजावलं, "एका चुकीला फक्त समज मिळते. तुम्हाला टेबलावरून काढतोय तो तेवढा एक शब्द. तुमच्या मेहुण्याने तो परत घेतला की टेबल तुमचं. घरचाच माणूस आहे. बोला त्याच्याशी."

रविवारी मेहुणा नेहमीसारखा जेवायला आला. नेहमीसारखा, म्हणजे चप्पल दारात उलटी टाकून, "ताई, भूक लागलीय" असं बाहेरूनच ओरडत. त्याला वाटलं असावं की मास्तर घरी बोलले नसतील. मास्तर खरंच बोलले नव्हते. पण क्रेनवाल्याची बायको त्याच गल्लीत राहत होती.

बहिणीने ताट वाढलं. भावाला आधी, नवऱ्याला नंतर, जसं ती कायम वाढायची. मग ती समोर बसली.

"वारंवार म्हणजे किती वेळा रे?" तिने विचारलं.

मेहुण्याचा घास हातातच राहिला. "ताई, तुला त्यातलं कळत नाही."

"म्हणून तर विचारते. दोनदा? चारदा? एक सांग."

"साहेबांनी विचारलं, मी..."

"साहेबांनी आधीही झालंय का, एवढंच विचारलं. तू काय म्हणालास ते मी विचारतेय."

"अगं, जेवू दे त्याला," मास्तर म्हणाले.

"जेवेल तो. त्याला काय, तो वारंवार जेवतो इथे."

मेहुणा उठला नाही. त्याने ताट थोडं पुढे सरकवलं आणि पहिल्यांदाच मास्तरांकडे सरळ बघितलं. "भावोजी, तुमची नोकरी जात नाहीये. पॅकिंगला जाल. पगार तोच, काम हलकं. तुमची कंबर काय झालीय ते मी बघतो रोज. आणि टेबल माझ्याकडे आलं तर घरातच राहील ना?"

"हे साहेब म्हणाले?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणाले. पण खोटं काय आहे त्यात?"

"त्या टोकाला कोण होतं?"

मेहुण्याचा आवाज एकदम चढला. "होतो मी! घाई होती, सोडलं थोडं. तुम्ही कधी काही सोडलं नाहीत म्हणून दुसऱ्यानेही सोडायचं नाही? इतकी वर्षं मी तुमच्या हाताखाली काढली. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. एकदा तरी झालं म्हणालात? एकदा तरी? रात्री झोपेतसुद्धा मला तुमचा आवाज ऐकू यायचा."

मास्तरांनी विचार केला. मेहुणा म्हणत होता ते खरं होतं. झालं हा शब्द त्यांनी टेबलावर कधीच काढला नव्हता. त्यांच्या गुरूंनीही काढला नव्हता. बेड झाला की गुरू गप्प राहत. गप्प राहणं म्हणजेच झालं, हे शिकाऊला आपोआप कळायचं. निदान मास्तरांना कळलं होतं.

"मी माझा स्क्रेपर तुझ्या हातात दिला होता," ते म्हणाले. "माझी कोर तुला दिली. ते काय होतं, असं वाटलं तुला?"

मेहुणा खाली बघत राहिला. मग म्हणाला, "मी बोलतो उद्या. तो शब्द मागे घेतो."

"नक्की?" बहीण म्हणाली.

"ताई, तुझी शप्पथ."

तिने त्याचं ताट पुन्हा त्याच्यापुढे सरकवलं. तो सगळं जेवला. जाताना चप्पल सरळ करून गेला, जे त्याने कधीच केलं नव्हतं. तेवढंच मास्तरांना खटकलं.

सोमवारी मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला. हॉलमध्ये खरवडणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालत नाही. केबिनमध्ये साहेब होते, सेक्रेटरी होता. साहेबांनी विचारलं, "शुक्रवारी जे सांगितलंत त्यात काही बदल करायचाय?"

"नाही साहेब," मेहुणा म्हणाला. "वारंवार होतं, तेच खरं आहे."

ह्या वेळी तो पेनाच्या डब्याकडे बघत नव्हता आणि शब्द तोंडात अडखळला नाही. शुक्रवारी तो उसना होता. आज तो त्याचा स्वतःचा होता. पहिल्या वेळेला मास्तरांनी भीतीला दोष दिला होता, साहेबांना दिला होता, थोडा स्वतःच्या गप्प स्वभावालाही दिला होता. दुसऱ्या वेळेला दोष द्यायला त्यांच्याकडे कुणी उरलं नाही.

सेक्रेटरीने हळूच त्यांना कोपर मारलं. मास्तर म्हणाले, "बसलेल्या टोकाला हा होता."

साहेब म्हणाले, "पण तुम्हीच म्हणालात, चूक माझी."

"म्हणालो."

"मग आता?"

"ह्याला वाचवायला म्हणालो."

साहेबांनी दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. मग ते उठले. "चला. तुम्ही लोक म्हणता की कोरीवरून हात ओळखता येतो. बघू या."

सगळे बेडपाशी गेले. हॉलमधली कामं आपोआप थांबली. क्रेनवाला वरून वाकून बघत होता, आज त्यालाही विनोद सुचत नव्हता. मास्तरांनी चष्मा पुसला आणि आपल्या टोकापासून सुरुवात केली. कोर, कोर, कोर. बारीक, दोन्ही टोकांना सारखी, डावीकडे कललेली. ते पावलापावलाने पुढे सरकत गेले. जोड शोधत होते. कुठेतरी एखादी कोर जाड निघेल, एखादी जास्त कलेल, एखादीला शेपूट असेल. दुसऱ्या कुणाचाही हात असता तर तो सापडला असता. ते बेडच्या दुसऱ्या टोकाला पोचले आणि तिथून परत आले.

जोड सापडला नाही. ते टोकही त्यांच्याच हातचं दिसत होतं. शिकवताना त्यांनी हेच मागितलं होतं, आणि मनासारखं होईपर्यंत पुन्हा म्हणत राहिले होते.

सेक्रेटरी कानाशी कुजबुजला, "एखादी दाखवा ना बोट ठेवून. कुणाला कळतंय?"

मेहुणा समोरच उभा होता. त्याचा चेहरा पडला होता. मास्तर आता बोट ठेवतील, अशी त्याला खात्री असावी. त्यांच्या जागी तो असता तर त्याने ठेवलं असतं.

"नाही ओळखता येत," मास्तर म्हणाले.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता, हे मान्य करायला हवं.

मास्तरांनी टेबलावरचा आपला निळ्याचा डबा उचलला, स्क्रेपर चिंधीत गुंडाळला आणि ते पॅकिंगला गेले. मेहुणा मागून दोन पावलं आला. "भावोजी..." मास्तर थांबले नाहीत. थांबले असते तर काय ऐकावं लागलं असतं, ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

घरी बायकोने विचारलं, "घेतला मागे?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. ती ओट्याकडे वळली आणि धुतलेलं भांडं तिने परत धुवायला घेतलं. त्यानंतर मेहुणा जेवायला आला नाही, आणि तिने बोलावलंही नाही. रविवारी मात्र हाताच्या सवयीने ती जास्तीचं रांधायची आणि सोमवारी दोघं मुकाट्याने शिळं खायची.

पॅकिंगचं काम खरंच हलकं होतं. हॉलमधून मशीन यायचं, त्याच्या बेडला गंज लागू नये म्हणून जाड ग्रीस फासायचं, वर कागद लावायचा आणि मग सुतार लाकडी खोका ठोकायचा. सुतार गमत्या होता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "मास्तर, माझ्या खिळ्यांना पुन्हा म्हणू नका हं. एकदा ठोकलेला खिळा मी उपटत नाही."

मास्तरांनी त्याला कधीच पुन्हा म्हटलं नाही. हॉलमध्येही आता तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं, असं क्रेनवाला सांगायचा. बेड भराभर उतरत होते.

काही महिने गेले. एक मोठं मशीन पॅकिंगला आलं. सुतार खोक्याच्या फळ्या मांडत होता. मास्तरांनी ग्रीसचा डबा उघडला आणि बेडकडे बघितलं. बेडभर चंद्रकोरी होत्या. बारीक, दोन्ही टोकांना सारख्या, डावीकडे कललेल्या. उजेडात त्या पाण्यासारख्या हलत होत्या. जन्मभर ते ज्या हातासाठी खपले, तोच हा हात होता, आणि ह्या बेडला त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

त्यांच्या खणात निळ्याचा डबा होता. भिंतीशी एक जुनी पट्टी टेकवलेली होती. पट्टी फिरवायला कितीसा वेळ लागला असता? कोरींच्या खाली शेवटचा निळा फिरवलेला होता की नव्हता, ते लगेच कळलं असतं. त्यांनी तळवा बेडवर ठेवला. गुळगुळीत लागला. तसा तो नेहमीच लागतो.

त्यांनी तळवा उचलला आणि ग्रीस फासायला घेतलं. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, जाड, सारखं, कुठेही न सोडता. एकेक ओळ करत कोरी ग्रीसखाली गेल्या.

सुताराने हातोडा उचलला. "मास्तर, झालं?"

मास्तरांनी बोटं चिंधीला पुसली.

"झालं," ते म्हणाले.